येमेन: माणसं, पैसा आणि सत्ता – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, निर्यातदार, जहाजांवर काम करणाऱ्यांच्या घरचे लोक यांच्याकडून येमेनबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. विषय दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. येमेनची बातमी वाचताना कोण कोणत्या पंथाचा हे बघण्याआधी जकात (मालावरचा कर) कोण घेतो, पगार कोण देतो आणि नोट कुणाची चालते हे बघा. निम्मा गुंता तिथेच सुटतो.

१. येमेन नेमका कुठे आहे आणि लोकसंख्या किती?

अरबी द्वीपकल्पाच्या नैर्ऋत्य टोकाला. उत्तरेला सौदी अरेबिया, पूर्वेला ओमान, पश्चिमेला लाल समुद्र, दक्षिणेला एडनचं आखात. लाल समुद्राचं तोंड असलेली बाब अल मंदेबची सामुद्रधुनी याच कोपऱ्यात आहे. वाळवंटाचं चित्र मनात असेल तर ते पुसा: राजधानी साना समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंचावर आहे आणि पश्चिमेच्या डोंगरउतारांवर पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे. शेवटची जनगणना २००४ ची, त्यामुळे ‘साडेतीन ते चार कोटी’ हा अंदाजच समजा.

२. तिथे सध्या राज्य कुणाचं आहे? राष्ट्राध्यक्ष कोण?

दोन सत्ता आहेत. सानामध्ये हुतींची (प्रश्न ३) ‘सर्वोच्च राजकीय परिषद’ आहे. तिचे प्रमुख महदी अल मशात, पण शेवटचा शब्द आंदोलनाचे नेते अब्दुल मलिक अल हुती यांचा. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं सरकार आहे. एप्रिल २०२२ पासून त्याच्या वर आठ जणांची ‘अध्यक्षीय नेतृत्व परिषद’ असून रशाद अल अलिमी तिचे अध्यक्ष. या सरकारची तात्पुरती राजधानी एडन, मात्र नेत्यांचा बराच मुक्काम रियाधमध्ये.

नकाशा पाहून फसू नका. रंगवलेल्या नकाशात सरकारचा भाग प्रचंड दिसतो, कारण पूर्वेचे हद्रामौत आणि महरा हे विरळ वस्तीचे प्रांत त्यात येतात. देशातली दोन तृतीयांशाहून जास्त माणसं हुतींच्या ताब्यातल्या उत्तर-पश्चिम डोंगराळ पट्ट्यात राहतात.

३. हुती म्हणजे कोण? ते इराणची माणसं आहेत का?

त्यांचं अधिकृत नाव अन्सार अल्लाह. उत्तरेच्या सादा प्रांतातलं हे झैदी पंथाच्या पुनरुज्जीवनाचं आंदोलन. झैदी हे शियाच, पण इराणमधल्या बारा इमामांच्या पंथापेक्षा वेगळे. सुमारे हजार वर्षं उत्तर येमेनवर झैदी इमामांची सत्ता कमीअधिक प्रमाणात होती, ती १९६२ च्या क्रांतीत गेली. त्यानंतर सादाकडे दुर्लक्ष झालं आणि सौदी पैशावर तिथे सलफी (कट्टर सुन्नी) मदरसे उभे राहिले. ही खदखद हुसेन अल हुती यांनी संघटित केली. सप्टेंबर २००४ मध्ये ते सरकारी कारवाईत मारले गेले आणि २०१० पर्यंत सरकारशी एकामागून एक सहा लढाया झाल्या.

इराणकडून शस्त्रं, सुटे भाग आणि प्रशिक्षण मिळतं, हे खरं. म्हणून इराणने हाक दिली की हे उठतात असं नाही. त्यांची जकात, त्यांची भरती, जमातींशी सौदे, सगळं स्थानिक आहे.

४. युद्ध सुरू कसं झालं? थोडक्यात सांगा.

२०११ मध्ये जनआंदोलन झालं. तीन दशकांहून जास्त सत्तेत असलेले अली अब्दुल्ला सालेह पायउतार झाले आणि उपाध्यक्ष हादी २०१२ मध्ये एकच उमेदवार असलेल्या निवडणुकीतून अध्यक्ष झाले. जुलै २०१४ मध्ये सरकारने इंधनाचं अनुदान कापलं, लोक भडकले. त्या लाटेवर स्वार होऊन हुतींनी २१ सप्टेंबर २०१४ ला साना घेतलं. हुतींशी सहा वेळा लढलेले सालेह आता त्यांच्याच बाजूला होते. हादी आधी एडनला, मग सौदीला पळाले. २६ मार्च २०१५ पासून सौदीच्या नेतृत्वाखालच्या आघाडीने हवाई हल्ले सुरू केले. डिसेंबर २०१७ मध्ये सालेह यांनी पुन्हा बाजू बदलायचा प्रयत्न केला आणि हुतींनी त्यांना ठार केलं. २ एप्रिल २०२२ चा शस्त्रसंधी ऑक्टोबरमध्ये कागदोपत्री संपला. तो का वाढला नाही, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

५. म्हणजे हे शिया-सुन्नी युद्धच ना?

नाही, किमान सुरुवातीला तर नाहीच. येमेनमध्ये झैदी आणि शाफी सुन्नी एकमेकांच्या मशिदीत नमाज पढत आले आहेत. सालेह स्वतः झैदी होते आणि त्यांनीच हुतींवर सहा लढाया लादल्या. हाशिद आणि बकील या उत्तरेच्या दोन मोठ्या जमात-संघांतही शेख कुणाच्या बाजूला जाईल हे पंथावर ठरत नाही. कोण पगार देतो, कोण रस्ता मोकळा ठेवतो, जुना खुनाचा वाद कोण मिटवतो, यावर ठरतं. लांबलेल्या युद्धाने पंथाची धार वाढवली हे मात्र खरं.

६. एकाच देशात एकाच रियालचे दोन भाव कसे काय असतात?

सर्वात जास्त विचारला जाणारा आणि सर्वात कमी नीट समजावला जाणारा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबू.

युद्धाआधी एका डॉलरला सुमारे २१५ रियाल पडायचे. सप्टेंबर २०१६ मध्ये हादी सरकारने मध्यवर्ती बँक सानाहून एडनला हलवली. सानातली इमारत, कर्मचारी आणि खातेवह्या हुतींकडेच राहिल्या. म्हणजे बँका दोन झाल्या. एडनच्या बँकेने पगार भागवायला रशियात नव्या नोटा छापून आणल्या. डिसेंबर २०१९ मध्ये हुतींनी आपल्या भागात या नव्या नोटांवर बंदी घातली. तिथे फक्त जुन्या नोटा चालणार.

परिणाम असा: हुतींच्या भागात नोटांचा साठा गोठला. जुनी नोट नव्याने छापता येत नाही, सराफांवर (चलन बदलून देणाऱ्यांवर) पहारा कडक, त्यामुळे डॉलर वर्षानुवर्षं ५३० ते ६०० रियालच्या आसपास बांधलेला. एडनच्या बाजूला नोटा वाढत गेल्या, डॉलर येईनासे झाले, आणि जुलै २०२५ मध्ये भाव २,८०० च्या वर गेला. मग सराफांवर कारवाई आणि आयातीच्या पैशावर नियंत्रण आल्यावर ऑगस्टमध्ये तो १,६२० च्या आसपास उतरला.

व्यवहारात काय होतं ते पाहा. एडनमध्ये काम करणारा गवंडी हुतींच्या भागातल्या इब्बमधल्या घरी एक लाख रियाल पाठवतो. एडनच्या १,६२० च्या भावाने ते सुमारे ६२ डॉलर झाले. सानाच्या ५३५ च्या भावाने घरच्यांच्या हातात साधारण ३३ हजार जुने रियाल पडतात, आणि त्यातूनही सराफाची दलाली जाते. बाहेरून पाहणारे याला ‘दोन तृतीयांश पैसे गेले’ म्हणतात. तसं नाही: एडनचा रियाल मुळातच हलका आहे. खरा फटका मजुरीला बसतो, कारण ती भावाबरोबर वाढत नाही.

सानाचा ‘मजबूत’ रियाल पाहून तिथली अर्थव्यवस्था सुधारली असंही समजू नका. तिथे भाव स्थिर आहे कारण पैसाच कमी आहे. जुन्या नोटा इतक्या झिजल्या की चिकटपट्टी लावून फिरतात. म्हणून हुतींनी मार्च २०२४ मध्ये १०० रियालचं नाणं काढलं आणि २०२५ मध्ये आणखी नाणी-नोटा आणल्या. २०२१ मध्ये एडनने जुन्यासारख्या दिसणाऱ्या मोठ्या आकाराच्या हजारच्या नोटा बाजारात सोडल्या, तेव्हा सानाच्या दुकानदारांना नोट घेताना क्रमांकाआधीचं अक्षर तपासायची सवय लागली.

७. सरकारी नोकरांना पगार मिळतो का?

हुतींच्या भागात २०१६ च्या उत्तरार्धापासून नियमित पगार बंद झाला. शिक्षक, परिचारिका, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, सगळे त्यात आले. मधूनमधून अर्धा पगार मिळतो. एडनच्या भागात पगार होतो, पण महिनोन्महिने थकतो.

पगार हाच वाटाघाटींचा कणा आहे. डिसेंबर २०१८ च्या स्टॉकहोम करारात ठरलं होतं की होदेदा बंदराचं उत्पन्न तिथल्या बँक शाखेत जमा होऊन त्यातून पगार निघतील. ते पैसे कुणी काढले यावर भांडण झालं आणि विषय बारगळला. ऑक्टोबर २०२२ मध्ये शस्त्रसंधी वाढवताना हुतींनी मागणी केली की तेलाच्या पैशातून त्यांच्या भागातले पगार द्या, लढणाऱ्यांचेही. सरकार नाही म्हणालं. त्याच महिन्यात तेलाच्या धक्क्यांवर ड्रोन आले (प्रश्न ८).

८. येमेनकडे तेल आहे ना? मग पैसा का नाही?

आहे, पण आखातातल्या शेजाऱ्यांच्या मानाने किरकोळ. २००१ च्या सुमारास दिवसाला सव्वाचार लाख पिंपांच्या पुढे उत्पादन होतं, त्यानंतर उतरती कळा. तरी युद्धाआधी सरकारी उत्पन्नाचा सिंहाचा वाटा तेलाचाच होता. बाल्हाफचा द्रवरूप वायूचा प्रकल्प २०१५ पासून बंद आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये हुतींनी हद्रामौतच्या अल धब्बा आणि शबवाच्या नुशैमा या तेल भरण्याच्या धक्क्यांवर ड्रोन हल्ले केले आणि कच्च्या तेलाची निर्यात थांबली. विहिरी सरकारच्या ताब्यात होत्या, एकही हातची गेली नाही. टँकर लागेना, एवढ्यावरच एडनच्या तिजोरीचा मुख्य झरा आटला.

९. मग दोन्ही बाजू चालतात कशावर?

जकातीवर, मुख्यतः. होदेदा, सलिफ आणि रास इसा ही लाल समुद्रावरची बंदरं हुतींकडे, एडन आणि मुकल्ला सरकारकडे. एडनला उतरलेला माल तिथे एकदा कर भरतो आणि उत्तरेकडे जाताना हुतींच्या रस्त्यावरच्या जकात नाक्यांवर पुन्हा भरतो. शिवाय एडनच्या सरकारने कर मोजण्यासाठी धरायचा डॉलरचा भाव २०२१ मध्ये २५० वरून ५०० आणि २०२३ मध्ये ७५० रियाल केला, म्हणजे त्याच कंटेनरवरचा कर दीड वर्षात तिप्पट. व्यापाऱ्यांनी माल होदेदाकडे वळवला आणि उत्पन्न हुतींना गेलं. अंगाशी आलेल्या धोरणाचा हा नमुना.

तिसरा आधार परदेशातल्या येमेनींचा, विशेषतः सौदीतल्या कामगारांचा. १९९० मध्ये कुवेत प्रकरणात येमेनने सुरक्षा परिषदेत लष्करी कारवाईच्या विरोधात मत दिलं, त्या सुमारास सौदीतून आठ लाखांच्या आसपास येमेनींना परतावं लागलं होतं. रियाधकडे हा दोर आहे, हे साना आणि एडन दोघांनाही पाठ आहे.

१०. बाजारात धान्य दिसतं, मग उपासमार कशी?

कारण खिशात पैसे नाहीत. गव्हाच्या गरजेपैकी सुमारे ९० टक्के आयात होते. बंदर चालू असेल तर पोती दुकानात दिसतात. पगार बंद (प्रश्न ७), रियाल पडलेला (प्रश्न ६), दुहेरी जकात (प्रश्न ९), अशा वेळी किराणा उधारीवर चालतो आणि उधारी थांबली की ताटातलं कमी होतं. आधी मांस जातं, मग डाळ-भाजी, शेवटी चहा आणि रोटी उरते. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने हुतींच्या भागातलं सर्वसाधारण धान्यवाटप थांबवलं. निधी कमी होता आणि लाभार्थी कुणी ठरवायचे यावर वाद होता. जून २०२४ पासून हुतींनी संयुक्त राष्ट्रांचे आणि स्वयंसेवी संस्थांचे कर्मचारी मोठ्या संख्येने पकडायला सुरुवात केल्यावर मदतीचं काम आणखी अडलं.

११. ‘कात’ काय प्रकार आहे? सगळे दुपारभर चघळत बसतात म्हणे.

विड्यातला कात नव्हे. ही एका झुडपाची कोवळी पानं. गालात धरून तासन्‌तास चघळतात. हलकी उत्तेजना येते, भूक मरते. सौदे, सोयरिकी, राजकारण, सगळं या बैठकीत होतं.

शेतकरी कॉफी सोडून कात का लावतो, हे शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला लगेच कळेल. कॉफी वर्षातून एकदा हाती येते. काताला पाणी दिलं की वर्षातून अनेक तोड्या मिळतात, रोख पैसे त्याच दिवशी. पानं एक-दोन दिवसांत कोमेजतात म्हणून गाडी पहाटे निघून दुपारपर्यंत बाजारात पोचावीच लागते. नाक्यावरच्यांना हे ठाऊक असतं, त्यामुळे वसुलीला काताच्या गाडीसारखं सावज नाही. २०१५ नंतर डिझेल मिळेना म्हणून लोकांनी सौरपंप बसवले. पंपाला आता डिझेलचा खर्च नाही, त्यामुळे उपसा दिवसभर चालतो आणि सानाच्या खोऱ्यातलं भूजल आणखी खाली जातं.

अपवाद हराझच्या डोंगरांतला: तिथल्या बोहरा समाजाने काताची झुडपं उपटून पुन्हा कॉफी लावली आहे.

१२. येमेनी समाजात जातीसारखं काही आहे का?

आहे. वरच्या पायरीला पैगंबरांच्या वंशातले मानले जाणारे सय्यद. हुती घराणं त्यातलंच, आणि त्यांच्या विरोधकांचा एक मुख्य आक्षेप हाच की जुनी सय्यदशाही परत येतेय. मग शस्त्र बाळगणारे जमातवाले, त्याखाली न्हावी-खाटीक असे व्यवसाय करणारे. सर्वात खाली मुहम्मशीन, म्हणजे काठावर ढकललेले. सफाईची कामं त्यांच्याकडे, वस्ती गावकुसाबाहेर, बाकीच्यांशी लग्नसंबंध जवळजवळ नाहीत. त्यांच्यासाठी वापरलं जाणारं ‘अखदाम’ हे नाव अपमानास्पद आहे, लिहिताना टाळा. विस्थापन झालं तेव्हा जमातवाल्यांना आपल्या लोकांत आसरा मिळाला. मुहम्मशीनांच्या मागे जमात नसल्याने ते छावण्यांत आणि उघड्यावर राहिले.

१३. युद्धरेषा ओलांडून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाता येतं का?

येतं, वेळ आणि पैसा असेल तर. तैझचं उदाहरण घ्या. शहर सरकारकडे, पूर्वेचा कारखान्यांचा हौबान भाग हुतींकडे. युद्धाआधी पाऊण तासही न लागणारा हा शहरांतर्गत प्रवास वेढ्यामुळे डोंगरातल्या अरुंद घाटांनी पाच-सहा तासांचा झाला. ऑक्सिजनचे सिलिंडर, पिण्याचं पाणी, पिठाची पोती त्याच वाटेने यायची. नऊ वर्षांनी, जून २०२४ मध्ये, थेट रस्ता उघडला. रस्ते उघडले की जकात आणि वसुलीची नाकी बुडतात. ते इतकी वर्षं बंद का राहिले, याचं एक कारण हेही.

१४. दक्षिणेला वेगळं का व्हायचंय?

दक्षिण १९६७ ते १९९० स्वतंत्र देश होता, अरब जगातला एकमेव मार्क्सवादी. २२ मे १९९० ला एकीकरण झालं, १९९४ मध्ये युद्ध, दक्षिण हरली. हजारो दक्षिणी अधिकाऱ्यांना सक्तीने घरी बसवलं, जमिनी उत्तरेच्या वजनदारांनी बळकावल्या. २००७ मध्ये निवृत्त सैनिकांच्या पेन्शनच्या मागणीतून आंदोलन उभं राहिलं. २०१७ मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या पाठबळाने ऐदरूस अल झुबैदी यांची ‘दक्षिणी संक्रमण परिषद’ आली आणि २०१९ मध्ये तिने एडनवर ताबा मिळवला.

पण दक्षिणही एकसंध नाही. जानेवारी १९८६ मध्ये सत्ताधारी पक्षातलेच दोन गट एडनच्या रस्त्यांवर एकमेकांवर तुटून पडले होते, ते वैर अजून जिवंत आहे. तेल असलेल्या हद्रामौतला सानाइतकंच एडनचंही राज्य नको. डिसेंबर २०२५ मध्ये परिषदेच्या फौजा हद्रामौत आणि महरामध्ये घुसल्या, तेव्हा सौदी आणि अमिराती हे जुने साथीदारच उघड आमनेसामने आले. सौदीला आपल्या सरहद्दीला लागून दुसऱ्याची फौज नको होती.

१५. लाल समुद्रातल्या हल्ल्यांचा नाशिकच्या द्राक्षांशी काय संबंध?

थेट संबंध. नोव्हेंबर २०२३ पासून हुतींनी गाझाचं कारण देत जहाजांवर हल्ले सुरू केले. कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. युरोपला जायला १० ते १४ दिवस जास्त. द्राक्ष शीतकंटेनरमध्ये टिकतं, पण जास्तीच्या दिवसांत देठ सुकून तपकिरी होतो, मणी गळतात आणि तिकडचा खरेदीदार भाव पाडतो. हंगाम जानेवारी ते एप्रिलचा, नेमका २०२४ च्या ऐन भडक्यात सापडला.

हल्ले थांबले की लगेच मार्ग सुरू होत नाही, कारण निर्णय विमा कंपनीच्या हातात असतो. २०२४ च्या सुरुवातीला युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला होता. दहा कोटी डॉलरच्या जहाजाला एका फेरीचे सात ते दहा लाख डॉलर. त्यापेक्षा वळसा स्वस्त. ‘आमच्या जहाजाचा इस्रायलशी संबंध नाही’ हेही कामाला येत नाही: जुनी मालकी नोंद पाहून चुकीच्या जहाजांवरही हल्ले झाले आहेत.

१६. मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्या भागात जायला तो नकार देऊ शकतो का?

करारावर अवलंबून. आयबीएफ (खलाशी संघटना आणि जहाज कंपन्यांचा वाटाघाटी मंच) सामूहिक करार लागू असलेल्या जहाजांवर, दक्षिण लाल समुद्र ‘युद्धसदृश क्षेत्र’ जाहीर असताना, खलाशाला नकार देता येतो आणि कंपनीने स्वखर्चाने घरी पाठवायचं असतं. गेलाच तर त्या दिवसांसाठी मूळ पगाराइतका बोनस आणि मृत्यू-अपंगत्वाची दुप्पट भरपाई. करार लागू नसेल तर हे आपोआप मिळत नाही. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी पाहा: एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का, करारात कोणता सामूहिक करार लिहिलाय, आणि जोखीम क्षेत्राचं कलम आहे का. जहाजावर चढल्यावर विचारून उपयोग नसतो.

१७. भारतीय पासपोर्टवर येमेनला जाता येतं का?

परराष्ट्र मंत्रालयाच्या परवानगीशिवाय नाही. २०१७ च्या अधिसूचनेने प्रवासबंदी आहे आणि मोडल्यास पासपोर्ट जप्त होऊ शकतो. सानाचा दूतावास २०१५ पासून बंद आहे. आता येमेनचं काम रियाधमधून चालतं. एजंट ‘आधी ओमानचा व्हिसा, पुढचं तिथे बघू’ म्हणाला तर तिथेच थांबा. अडकलात तर एप्रिल २०१५ च्या ‘ऑपरेशन राहत’सारखी सुटका होईलच असं नाही. तेव्हा ४,६०० हून जास्त भारतीयांना बाहेर काढता आलं, कारण नौदलाची जहाजं एडन-होदेदापर्यंत जाऊ शकली आणि जिबूतीहून विमानं मुंबई-कोचीला आली.

१८. केरळच्या नर्सच्या फाशीबाबत भारत सरकार थेट बोलत का नाही?

कारण नर्स निमिषा प्रिया यांच्यावरचा खुनाचा खटला सानाच्या न्यायालयातला आहे आणि भारत हुतींच्या सत्तेला मान्यता देत नाही (प्रश्न २). आपल्याकडच्या बातम्यांत ‘राष्ट्राध्यक्ष अलिमींनी फाशीला मंजुरी दिली’ असं छापून आलं, तेव्हा दिल्लीतल्या येमेनी दूतावासाला खुलासा करावा लागला की प्रकरण हुतींच्या हातात आहे. जुलै २०२५ मध्ये ठरलेली फाशीची तारीख पुढे ढकलली गेली. खुनाच्या खटल्यात मृताच्या वारसांनी ‘दिया’, म्हणजे रक्तमूल्य, स्वीकारून माफ केलं तरच फाशी टळू शकते. तो हक्क वारसांचा असतो आणि दिल्लीतून जाहीर दबाव आला की ते आणखी ताठर होऊ शकतात. म्हणून अशी बोलणी जमातीचे शेख आणि धर्मगुरूंमार्फत, गाजावाजा न करता होतात.

१९. महाराष्ट्राचा येमेनशी जुना संबंध आहे का?

बराच. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी घेतलेलं एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होतं. तिथे रुपया चालायचा. वासुदेव बळवंत फडके यांना तिथल्याच तुरुंगात ठेवलं होतं, १८८३ मध्ये ते तिथेच वारले. १८१८ मध्ये मालेगावचा किल्ला इंग्रजांविरुद्ध लढवणारी शिबंदी अरबांची होती. दख्खनच्या दरबारांत चाकरीला असलेल्या अशा अरबांत हद्रामौतचे लोक बरेच. हैदराबादच्या बारकस भागात त्यांचे वंशज आजही आहेत. आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या दाऊदी बोहरांची धर्मपीठाची गादी सोळाव्या शतकात येमेनमधूनच गुजरातेत आली.

२०. मृतांचा आकडा प्रत्येक बातमीत वेगळा का असतो?

मोजण्याची पद्धत वेगळी असते. ‘३ लाख ७७ हजार’ हा संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा २०२१ च्या अखेरपर्यंतचा अंदाज. त्यातले सुमारे ६० टक्के मृत्यू गोळ्या-बाँबने झालेले नाहीत. ते भूक, दूषित पाणी आणि उपचार न मिळाल्याने झाले. फक्त लढाईतले मृत्यू मोजणाऱ्यांचा आकडा त्यामुळे निम्म्याहून कमी येतो. कॉलऱ्याच्या आकड्यांनाही हाच सावधपणा लावा: डिसेंबर २०१७ पर्यंतचे दहा लाख हे ‘संशयित’ रुग्ण होते, प्रयोगशाळेत तपासलेले नव्हेत. बातमीत कालावधी आणि ‘थेट की अप्रत्यक्ष’ हे दिलेलं नसेल तर तो आकडा उद्धृत करू नका.